फोकस बैलावर

बुद्धरत्नच्या व्हिडिओंना आजवर कुणी कुत्रं विचारत नव्हतं.

तो शूट काय करायचा, तर गायरानातली तरसं, खोकडं, खाणीकडंच्या वस्त्या आणि तिथली माणसं. सुट्टीला भोसरीतून गाडी काढायची, चाकणच्या पलीकडं जायचं, झुडपात पडून राहायचं. मग आठवडाभर रूमवर लॅपटॉप मांडीवर घेऊन कापाकापी. शिकवलं कुणी नाही, फोनवर बघून बघून शिकला. व्हिडिओ टाकला की पन्नास-साठ जण बघायचे. त्यातले निम्मे हिंगोलीकडचे पाहुणे, आणि त्यांची कॉमेंट ठरलेली: 'लग्नाचं काय झालं?'

आज मात्र कंपनीत चहाच्या सुट्टीत त्यानं फोन उघडला आणि हातातला कप तसाच राहिला. गायरानातल्या नासलेल्या पाण्यावरच्या फिल्मचा काल रात्री टाकलेला ट्रेलर सुसाट सुटला होता. हजारांनी लोक. 'नादच खुळा.' 'एकच नंबर.' 'काळजाचा तुकडा.' आणि प्रत्येक कॉमेंटखाली बैलाचं चित्र. बैलाचं का, ते काही त्याला कळेना. कळायची गरजही वाटेना. तीन वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी बघत होतं, त्याला वाटलं आता गायरान वाचलं.

सुपरवायझर जयसिंग मागून आला. "काय रे, हसायला काय झालं? पगार झाला का?"

"माझी डॉक्युमेंटरी चालली सर."

"मशीन पण चालू दे थोडी. कूलंट संपलंय तुझ्या व्हीएमसीचं."

तेवढ्यात अपेक्षाचा फोन.

अपेक्षा पिंपळे गुरवला एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. मूळची भोसरी गावठाणातली, जुनं शेतकरी घर. बुद्धरत्नच्या फिल्ममधला एक आवाज तिनं बदलून दिला होता, म्हणजे माणूस ओळखू येऊ नये असा जाड, घोगरा करून. तिला त्यानं फक्त आवाजाची फाईल पाठवली होती. चित्र तिनं बघितलंच नव्हतं.

"रत्न्या, त्या माणसाचा चेहरा लपवलायस ना?"

"मग? एकदम प्रोफेशनल. उजेडाकडं पाठ, तोंड पूर्ण काळं. वरून आउट ऑफ फोकस."

"मग फोकस कुठं टाकलास?"

"मागं. बैलावर. लोकांना बघायला काहीतरी पाहिजे ना."



"तो बैल कोण आहे माहितीये तुला?"

"कोण म्हणजे? बैल आहे."

"गाढवा, तो पिस्टन आहे!"

बुद्धरत्नच्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. "अगं, पांढरा बैल, दोन शिंगं. असे हजार असतील."

"तुमच्या हिंगोलीत असतील. इथं शर्यतीचा बैल म्हणजे आमदार असतो. डावं शिंग टोकाला आत वळलेलं, डोळ्याखाली काजळ घातल्यासारखा डाग. गेल्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला चाकणला फ्लेक्स लागला होता. आमच्या काकांनी ग्रुपवर टाकलंय, 'माणूस कोण ते कळंना, पण बैल शंभर टक्के आपला पिस्टन.' तुझा ट्रेलर कशामुळं चाललाय असं वाटतंय तुला? तरसामुळं?"

आता पडला उजेड. ते हजारो लोक पाण्यासाठी आले नव्हते, तरसासाठी नाही, माणसासाठी तर नाहीच. आणि ज्या माणसाला त्यानं एवढं जपून लपवलं होतं, त्याच्या दाराचा पत्ता त्यानं स्वतःच्या हातानं, लख्ख फोकसमध्ये, सगळ्या तालुक्याला वाटला होता.

त्या माणसाचं नाव रोहिदास.

रोहिदास टँकर चालवायचा. छोट्या कारखान्यांत लोखंड ॲसिडनं धुतात, ते पाणी उचलून साफ करायच्या ठिकाणी न्यायचं कंत्राट दादासाहेब नावाच्या माणसाकडं होतं. टँकर तिकडं जायचेच नाहीत. गायरानात जुनी दगडखाण होती, बारमाही पाण्याची. उन्हाळ्यात आसपासचं सगळं जनावर तिथंच पाण्यावर यायचं, वाडीची गुरंही आणि बायकांची धुणीही. टँकर तिथं रिकामे व्हायचे. चालवणाऱ्या पोरांना ना बूट, ना हातमोजे. रोहिदासच्या तळहाताची सालटं निघाली होती. बोलायचं तर काय, आधी गणराज नावाच्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं होतं. त्याला चौघांनी रस्त्यात गाठून असं मारलं की तो पाय ओढत गाव सोडून गेला. कुणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं. सांगत कुणीच नव्हतं.

बुद्धरत्न तिथं पोचला तो तरसामागं. एकदा तो खाणीच्या कपारीत पडून असताना एक मादी पाण्यावर आली. तरसाचं रूप तसं ओबडधोबड, मागनं बसकं, माणसं दिसलं की दगडच घालतात. ती आली, वाकली, नाक लावलं आणि झटका बसावा तशी मागं सरली. परत आली. परत सरली. मग तशीच तहानेली, मान खाली घालून निघून गेली. बुद्धरत्ननं कॅमेरा सोडला नाही. मग हे पाणी कुणी नासवलं ते विचारत विचारत तो रोहिदासच्या दारात पोचला.

रोहिदास बोलायला तयार व्हायला फार दिवस गेले. शेवटी म्हणाला, "बोलतो भावा. पण माजं तोंड न्हाई, नाव न्हाई, गाव न्हाई. घरात म्हातारी हाय." शूटिंग झाल्यावर त्यानं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघूनही घेतलं. आपलं तोंड दिसतंय का तेवढंच बघितलं. बैल तर रोजचाच, त्याच्याकडं कोण बघतो.

"तो ट्रेलर पुसून टाक आधी," अपेक्षा फोनवर म्हणाली.

त्यानं तिथल्या तिथं पुसला. पण पुसून काय होणार? बैलगाडावाल्यांच्या सगळ्या ग्रुपांवर तो उतरवून घेतलेला फिरत होता. रोहिदासला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"सर, मला जायचंय."

"कुठं? डॉक्युमेंटरीला?" जयसिंग हसला. मग त्याचं तोंड बघून हसायचा थांबला. "जा. दुसऱ्या शिफ्टला ये पण. फोन करून सांग बाबा काय झालं ते."

अपेक्षा मोशीच्या चौकात उभीच होती. हेल्मेट घालून मागं बसली आणि बसल्या बसल्या सुरू झाली.

"तुला एक गोष्ट सांगू का? सांगत नाही. तू गाडी ठोकशील."

"सांग."

"दादासाहेबांचा पण बैल आहे. दोन वर्षं झाली, जत्रेला त्यांच्या बैलाच्या जोडीला पिस्टनच जुंपतात. तो बैल ते स्वतःच्या पोरापेक्षा जास्त ओळखतात."

बुद्धरत्ननं ॲक्सिलरेटर पिळला. पुढं कंटेनरची रांग, मागं कंटेनरची रांग, धूळ, ऊन. चैत्र तोंडावर आलेला. त्याच्या डोक्यात एकच चित्र, पाय ओढत चाललेला माणूस. आणि त्या माणसाच्या तोंडाला आता रोहिदासचं तोंड बसायला लागलं होतं.

"अगं पण मला कसं कळणार?" तो मधेच ओरडला. "आमच्याकडं बैल शेतात राबतोय! त्याचा वाढदिवस कामून करतील लोक?"

"विचारायचं ना कुणाला तरी! सगळं एकट्यानं करायचं, एकट्यानं शिकायचं. मला चित्र दाखवलं असतंस तर काय झालं असतं?"

"तू हसली असतीस."

"हसले असते. मग सांगितलं असतं."

गाडी चाकण ओलांडून कच्च्या रस्त्याला लागली.

वाडीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ, देवळापुढं पार आणि पारापुढं दादासाहेबांची पांढरी गाडी. ती बघून बुद्धरत्ननं आपली गाडी अलीकडंच लावली. सगळी वाडी गोळा झाली होती. बाप्ये पुढं, बाया भिंतीच्या सावलीत. रोहिदास गर्दीत कडेला उभा होता, हात पाठीमागं बांधून. बुद्धरत्नला बघितलं आणि त्यानं नजर दुसरीकडं वळवली. रागानं नाही. 'ओळख दाखवू नकोस' अशी.

दादासाहेब आवाज चढवत नव्हते, म्हणूनच भीती वाटत होती. पांढरा शर्ट, हातात फोन, फोनवर ट्रेलर.

"माणूस नंतर बघू," ते म्हणत होते. "मला एवढंच सांगा, बैल कुणाच्या दारात बांधलेला होता?"

पारावर लक्ष्मणराव बसले होते. वाडीच्या बैलगाडा मंडळाचे तेच मुख्य, सत्तरीचे, काटक. ते सावकाश म्हणाले, "दादा, पिस्टन एकाचा न्हाई, वाडीचा हाय. समद्यांनी मिळून घेतलाय. दर आठवड्याला दार बदलतंय, ज्याचा आठवडा त्यानं चारायचा. ह्ये तुमाला म्हाईत हाय."

बुद्धरत्ननं अपेक्षाकडं बघितलं. तिनं खांदे उडवले. हे तिलाही माहीत नव्हतं.

"मग त्या आठवड्यात कुणाचं दार होतं?"

"ते कोण ध्यानात ठेवतंय?"

"माज्याच दारात व्हता की," गर्दीतून एक म्हातारा बोलला.

"तुज्या कसा? तुजी म्हस याली व्हती तवा, तूच म्हनलास पुढचा आठवडा धरा."

"आरं ती म्हस पोळ्याला याली!"

"पोळ्याला? तुजी अक्कल याली पोळ्याला!"

"मागचं पत्रं आमच्या गोठ्याचं वाटतंय," तिसरा फोनमध्ये डोकावून म्हणाला.

"पत्रं समद्यांचं सारखंच हाय, एकाच भंगारवाल्याकडनं आणल्यात."

बघता बघता अशी जुंपली की दादासाहेबांना मधे बोलायला जागा मिळेना. कुणाची वैरण कुणी खाल्ली, कुणी आठवडा चुकवला, कुणी पेंड चोरली, दोन वर्षांची उणीदुणी निघाली. हे ठरवून चाललंय की खरंखुरं, ते बुद्धरत्नला सांगता आलं नसतं. बहुतेक सुरुवात ठरवून झाली असावी आणि मग खरंच लागलं असावं.

"गप!" दादासाहेब शेवटी ओरडलेच. "टँकरवर वाडीतली पाच-सहा पोरं आहेत. त्यातलाच कुणीतरी आहे. मी शोधून काढणार."

तेव्हा बुद्धरत्न पुढं झाला. अपेक्षानं मागून शर्ट ओढला, तरी झाला.

"तो व्हिडिओ मी केलाय."

सगळे वळले. दादासाहेबांनी त्याला खालून वर बघितलं. कंपनीचा निळा शर्ट, त्यावर ऑईलचे डाग.

"बरं. मग तूच सांग. माणूस कोण?"

खोटं बोलायची बुद्धरत्नला सवय नव्हती, कान लगेच लाल व्हायचे. पण काहीतरी बोलायलाच हवं होतं. "माणूस इथला नाहीच. वेगळीकडं शूट केला. बैल आवडला म्हणून इथं घेतला. मग... कॉम्प्युटरवर जोडलं."

"असं जोडता येतं?"

"रोज जोडतो आम्ही," अपेक्षा पुढं आली. तिला खोटं बोलायची चांगली सवय होती. "लग्नाच्या व्हिडिओत नाही का, नवरी उभी असते मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये आणि मागं काश्मीर."

दादासाहेबांनी फोन खाली घेतला. "माझ्या थोरलीला बर्फात नाचवलं होतं," ते म्हणाले. "शूटिंग मुळशीला झालं होतं."

"बघा की."

खरं वाटलं की नाही, कोण जाणे. निम्मं वाटलं असावं. पण बुद्धरत्नचे कान तोवर पेटले होते आणि दादासाहेबांची नजर त्या कानांवरच होती. ते हळूच हसले. पुढचा प्रश्न येणार, एवढ्यात लक्ष्मणराव पारावरून उतरले.

"दादा, माणसाचं ऱ्हाऊ द्या. आलाच हाय तर चला, तुमाला एक दावतो. पिस्टनला सोडा रं कुणीतरी."

खाण वाडीच्या पाठीमागंच होती. सगळी वरात निघाली, पुढं बैल, त्याच्यामागं लक्ष्मणराव आणि दादासाहेब, मग आम जनता. पिस्टन चालत होता ऐटीत. बुद्धरत्ननं त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं आणि त्याला कबूल करावं लागलं की हा बैल हजारात ओळखू येणारच.

पाण्याला पिवळसर कडा धरली होती. काठावर गवत जळून काळं. पिस्टनला सकाळपासून पाणी दाखवलेलं नव्हतं, तो घाईनं उतरला. मान खाली घातली. नाकपुड्या फुलवल्या आणि फुर्र करून असा मागं हटला की कासरा धरणारा पडता पडता वाचला. परत नेला. नाहीच. डोळे मोठे करून उभा राहिला.

"कावराबावरा बगा कसा झालाय," लक्ष्मणराव म्हणाले. "गेल्या साली ह्याच पाण्यावर तयार झाला, आन तुमचा बैल याच्या जीवावर शर्यतीचा घाट मारून आला. आता आमी त्याला घागरीनं पाजतो. पर कवातरी सुटतो, कवातरी येतो हितं. एक दिस तहानेनं पिला तर? जत्रंला तुमचा बैल कुणासंगं जुंपणार?"

दादासाहेब बैलाकडं बघत राहिले. त्यांनी हात पुढं केला, पिस्टनच्या गळ्याखालच्या पोळीवरून फिरवला. तरसं मेली असती तर त्यांना काही वाटलं नसतं. वाडीच्या बायकांच्या पायांना चट्टे आले तेव्हाही वाटलं नव्हतं. बैलाच्या नाकातून आलेला तो आवाज मात्र त्यांना आरपार गेला. बुद्धरत्नला या गोष्टीचा संताप आला, आणि त्याच क्षणी, चालेल, कशानं का होईना, असंही वाटलं.

"इथं येणार नाही टँकर," दादासाहेब म्हणाले.

"हितं न्हाई म्हंजी मग फुडच्या वड्याला?" लक्ष्मणराव. "जिथं न्यायचं ठरलंय तिथं न्या."

"बघतो."

"बघतो न्हाई. आजून जत्रंचं जू ठिवल्यालं न्हाई पिस्टनच्या खांद्यावर. ज्यानं कुनी व्हिडिओत त्वांड उघाडलं आसंल, त्येच्या केसाला धक्का लागला तर पिस्टन तुमच्या बैलाशेजारी उभा ऱ्हानार न्हाई. मारुतीची आण घिऊन सांगतो."

मग बायांच्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज आला. "आन पोरांच्या हातात घालाया कायतरी द्या! समद्या पोरांच्या. कातडी सोलत्यात मेली."

ती शालनबाई, रोहिदासची आई. 'समद्या' यावर तिनं असा जोर दिला होता की रोहिदासनं खाली मान घातली.

दादासाहेबांनी फोन काढला. तिथंच, सगळ्यांदेखत, कुणाला तरी सांगितलं की गाड्या आजपासून पाणी साफ करायच्या प्लँटवर जातील, आणि बूट-हातमोजे मागव. मग बैलाला थोपटून, कुणाकडं न बघता पाराकडं परतले आणि गाडीत बसून निघून गेले.

रोहिदास होता तिथंच मटकन खाली बसला. काळ्या गवतात, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. बुद्धरत्न धावत गेला.

"रोहिदासभाऊ, माझी चूक झाली. मोठी चूक."

"आरं थांब," रोहिदास म्हणाला. "आदी श्वास घिऊ दे." त्यानं श्वास घेतला. अजून एक घेतला. मग त्याला हसू आलं आणि ते काही केल्या थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सकाळी फोन बंद करून गोठ्यात बसलो व्हतो भावा. म्हातारीला म्हनलं, संपलं. तर लक्ष्मणराव आलं आन म्हनालं, उठ, बैल वाडीचा हाय. तवर माज्या डोक्यातच न्हवतं."

"तो तुकडा मी काढतो. पूर्ण काढतो."

"बोलल्यालं ठिव. गनराजसाठी ठिव. फकस्त मला आन गोठ्याला काढ. काळा पडदा लाव तवा."

"आन बैल?" लक्ष्मणराव मागून आले. ते भलतेच नाराज दिसत होते. "आसा दावत्यात व्हय बैल? बसल्याला, रवंथ करताना? उभा घ्यायचा, समोरनं घ्यायचा, वशिंड दिसाया पायजे. बिनकामाचा शूटिंगवाला."

अपेक्षाला हसू आवरेना. बुद्धरत्ननं जयसिंगला फोन लावला, "सर, सगळं ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि नाक ओढलं. पलीकडून जयसिंग म्हणाला, "बरं बरं. रडू नको. शिफ्ट उद्या कर."

शालनबाईनं तिघांना घरी नेलं. पाट मांडले, भाकरी टाकायला बसली आणि पहिली भाकरी तव्यावर पडली तशी बुद्धरत्नवर सुरू झाली. शिकल्याला की न्हाई तू? माणसाला लपवायचं आन बैलाला दावायचं, ह्ये कुठं शिकवत्यात? आरं बैल म्हंजी घरची पाटी असती, त्यावर लायटी लावल्यास तू! आई हाय का तुला? तिला म्हाईत हाय का तू काय उद्योग करतोस? मुंडी काय हलवतोस, घे, कालवण घे. रोहिदास मधे पडायला गेला तर त्यालाही दोन बसल्या.

बुद्धरत्न मान खाली घालून जेवत होता. झणझणीत कालवणानं नाक गळत होतं, कानांत शिव्या चालू होत्या, शेजारी रोहिदास चांगला धडधाकट बसून दुसरी भाकरी मोडत होता. त्यानं ताट पुढं केलं आणि अजून एक मागितली.